वसईच्या भूमीचा जुना करार

तुंगारेश्वराच्या डोंगरावरून पश्चिमेकडे पाहणाऱ्याला वसईची भूमी तीन पट्ट्यांत विभागलेली दिसते. पायथ्याशी डोंगरउताराची वरकस जमीन, मध्यभागी सखल प्रदेश आणि अगदी समुद्रालगत नारळी-पोफळी, केळी व फुलझाडे यांनी झाकलेली वाळूमिश्रित मातीची किंचित उंच पट्टी. मधल्या सखल पट्ट्यावर आज इमारतींची एवढी दाटी झाली आहे की तो सखल आहे याची आठवणही कोणाला राहू नये. पावसाळा मात्र ती आठवण करून देतो.

जुलै २०१८ मधील पूर आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिला आहे. नालासोपाऱ्याचे रूळ पाण्याखाली गेले, वडोदरा एक्स्प्रेस वाटेतच अडकून पडली आणि तिच्यातील प्रवाशांना बचाव पथकांनी बाहेर काढले. मिठागरांच्या वस्तीत शेकडो माणसे पाण्याने वेढली गेली. कित्येक घरांत काही दिवस वीज नव्हती. 'शहरात पाणी शिरले' असे त्या वेळी जो तो म्हणत होता. वसईच्या भूमीचा इतिहास वाचणाऱ्याला हे वाक्य उलटे करून वाचावे लागते. पाणी आपल्या जुन्या जागी आले होते. त्या जागेत शिरले होते ते शहर.

ही जागा पाण्याची कशी होती, ती कोणी राखली आणि ती कशी गेली, याचा मागोवा घेणे हा या लेखाचा हेतू आहे.

बेट आणि खाडी

वसईची किनारपट्टी एकेकाळी बेट होते. दक्षिणेस वसईची खाडी, उत्तरेस वैतरणा, पश्चिमेस अरबी समुद्र आणि पूर्वेस या दोन जलप्रवाहांना सांधणारी सोपाऱ्याची खाडी, अशी त्याची चतुःसीमा होती. ग्रीक दर्यावर्द्यांच्या लेखनात 'सुप्पारा' म्हणून येणारे शूर्पारक बंदर याच खाडीवर वसले होते. सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा एक तुकडा पंडित भगवानलाल इंद्रजी यांना १८८२ मध्ये याच सोपाऱ्यात सापडला. साम्राज्याची आज्ञा जिथे दगडावर कोरली जात असे, त्या गावाला वैभव दिले ते खाडीच्या पाण्याने. पुढे खाडी गाळाने उथळ होत गेली, बंदराचे महत्त्व सरले आणि जिथे गलबते नांगरत होती तिथे भरतीचे पाणी येणारी चिखलाची जमीन उरली. कोकणी माणूस अशा जमिनीला खाजण म्हणतो.

२३ डिसेंबर १५३४ च्या तहाने गुजरातचा सुलतान बहादुरशहा याने वसई पोर्तुगीजांच्या स्वाधीन केली. त्यांनी येथे किल्ला उभारला, मठ व मंदिरे बांधली आणि वसईला आपल्या उत्तर प्रांताची राजधानी केले. संत गोन्सालो गार्सिया यांचा जन्म याच वसईतला. इतिहासाची पुस्तके या काळातील किल्ला, धर्मप्रसार आणि युद्धे यांविषयी भरभरून लिहितात. राज्याचे उत्पन्न मात्र या मातीतून येत होते. सिमांव बोतेल्यु या अधिकाऱ्याने १५५४ मध्ये पोर्तुगीज भारताच्या उत्पन्नाची जी नोंदवही सिद्ध केली, तिच्यात वसई प्रांताचाही हिशेब आहे. त्या काळी गावे ठरावीक पिढ्यांच्या कराराने दिली जात आणि त्यांवर 'फोरो' नावाचा वार्षिक सारा बसे. मुंबईच्या फोरास रोडच्या नावात तो शब्द अजून जिवंत आहे. सारा कित्येकदा रोकड नाण्यांऐवजी भाताच्या मुड्यांत मोजला जाई. हे भात पिकवण्यासाठी खाजणावर बांध हवा होता.

बांध आणि उघाडी

खाजणाची शेती ही कोकणी माणसाची मोठी विद्या आहे. भरतीचे पाणी अडवण्यासाठी चिखलमातीचा लांबलचक बांध घालायचा आणि त्यात ठरावीक ठिकाणी लाकडी झडपांची उघाडी बसवायची. भरती आली की पाण्याच्याच दाबाने झडप मिटते आणि खारे पाणी बाहेर राहते. ओहोटी लागली की आतल्या पावसाच्या पाण्याचा रेटा झडप उघडतो आणि ते पाणी खाडीकडे निघून जाते. रात्री-अपरात्री कोणी उठून दार लावण्याची गरज नाही. चंद्राच्या गतीवर चालणारे हे यंत्र आहे. पहिल्या पावसाने जमिनीतले मीठ धुऊन जायचे आणि मग खारेपणा सोसणारे 'राता'सारखे लाल भात लावायचे. उत्तर कोकणाच्या खारपट्ट्यात हा क्रम पिढ्यानपिढ्या चालत आला.

ज्या खाजणात भात होत नसे तिथे मिठागरे होती. दसरा-दिवाळीनंतर आगरी बांधव वाफे बांधून त्यांत खाडीचे पाणी घेत आणि उन्हावर मीठ पिकवीत. पावसाळ्यात हीच मिठागरे रिकामी असत. रिकामी म्हणजे मिठाने रिकामी. पाण्याने ती तुडुंब भरलेली असत. तुंगारेश्वराच्या डोंगरावर कोसळलेला पाऊस ओढ्यांतून खाली येई, या सखल पट्ट्यात विसावे आणि ओहोटीची वाट पाहून खाडीला मिळे.

हा बांध एकट्या शेतकऱ्याने राखता येत नाही. एका ठिकाणी खेकड्याने पोखरला की साऱ्या गावाचे शेत खारावते. म्हणून त्याची डागडुजी सर्वांनी मिळून करायची असते. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली आणि राज्य बदलले. पण बांधाची गरज बदलली नाही. मराठी राज्यव्यवस्थेत पडीक जमीन वहिवाटीस आणणाऱ्याला पहिली वर्षे सवलत देऊन पुढे क्रमाक्रमाने सारा वाढवण्याचा 'इस्तावा कौल' देण्याची पद्धत होती. इंग्रजी मोजणीदारांनी बागायत, भातजमीन, वरकस आणि खार असे भेद सातबाऱ्याच्या पूर्वजांत नोंदवून ठेवले. स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये खार जमिनींचा कायदा झाला आणि १९७९ मध्ये महाराष्ट्राने त्याजागी नवा कायदा केला. पोर्तुगीज, पेशवे, इंग्रज आणि स्वतंत्र भारत यांच्या राजवटी भिन्न होत्या; परंतु ही जमीन पाण्याशी जुळवून घेऊनच राखता येते, हे चौघांनाही मान्य करावे लागले.

वाडी आणि बावखल

समुद्रालगतच्या उंच पट्टीवरचा करार निराळा होता. वाळूमिश्रित जमिनीत पावसाचे पाणी मुरते आणि आत मुरलेले हे गोडे पाणी हलके असल्याने खालच्या जड खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते. यातले शास्त्र असे की समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी १ फूट असेल, तर तिच्या आधाराने समुद्रसपाटीच्या खाली सुमारे ४० फूट गोडे पाणी टिकते. उलट, वरची पातळी १ फूट उतरली की खालचे खारे पाणी तितकेच, म्हणजे सुमारे ४० फूट वर सरकू पाहते. आपल्या पूर्वजांना हा हिशेब आकड्यांत ठाऊक नव्हता. पण त्यांची वागणूक त्याला धरून होती.

विहिरीवर रहाट असे. जनावर संथपणे फिरे, लोट्यांची माळ पाणी वर आणी, पाटातून ते केळीच्या आणि पानवेलीच्या मुळाशी जाई. जनावर थकले की रहाट थांबे आणि रहाट थांबला की विहीर भरे. उपशाला मर्यादा होती आणि ती जनावराच्या श्वासाने ठरत होती. वाडीवाडीतून बावखले खणलेली असत. पावसाचे पाणी त्यांत साठे, हळूहळू जमिनीत मुरे आणि भोवतालच्या विहिरींना उन्हाळाभर जीव देई. आगाशीची सुकेळी, वसईची वेलची केळी, पाने, फुले, भाजी ही सारी संपत्ती या तरंगत्या गोड्या पाण्यावर उभी होती. नंदाखाल, निर्मळ, सांडोर, गिरीज, पापडी येथील आपल्या कुटुंबांनी ती कष्टाने सांभाळली. सामवेदी, वाडवळ, ईस्ट इंडियन, कोळी, आगरी, भंडारी, ख्रिस्ती आणि हिंदू असे सारेच या कराराचे वारस होते.

रूळ आणि नकाशा

१८६४ मध्ये मुंबईला गुजरातशी जोडणारा लोहमार्ग सुरू झाला. १८६७ मध्ये विरारहून मुंबईच्या बॅकबेकडे गाडी धावू लागली आणि १९३६ मध्ये विजेची गाडी विरारपर्यंत पोहोचली. या मार्गाने वसईच्या शेतकऱ्याला मुंबईची बाजारपेठ मिळाली. आपल्या आया-आज्या टोपल्या घेऊन याच गाड्यांनी गेल्या आणि त्या पैशातून आपली शिक्षणे झाली. हे ऋण विसरता येणार नाही.

पण या लोहमार्गाने दोन गोष्टी केल्या. पहिली, दक्षिणोत्तर भराव घालून त्याने पूर्वेच्या डोंगराकडून पश्चिमेकडे येणाऱ्या पाण्याच्या वाटा आखूड केल्या. पाण्याला आता मोऱ्यांतूनच जावे लागले. दुसरी, त्याने गावाचे केंद्र हलवले. जुनी वसई किल्ल्यालगत होती. स्थानके मात्र पूर्वेला, सखल पट्ट्याच्या बाजूला आली. शंभर वर्षे याने काही बिघडले नाही. मुंबईत राहायला जागा उरली नाही तेव्हा मात्र स्थानकाजवळची जमीन सोन्याच्या मोलाची ठरली आणि स्थानकाजवळची जमीन म्हणजे नेमके खाजण, भातशेती व मिठागर. नकाशावर ती 'मोकळी' दिसत होती.

मुंबई महानगर प्रदेशाची पहिली प्रादेशिक योजना १९७३ मध्ये मंजूर झाली. १९८८ मध्ये शासनाने वसई-विरार परिसरातील, पूर्वी बांधकामास बंद असलेली विस्तीर्ण जमीन नागरीकरणासाठी खुली करण्याचे पाऊल उचलले आणि १९९० मध्ये सिडकोची नियोजन प्राधिकरण म्हणून नेमणूक झाली. याच सुमारास वाड्यांतल्या विहिरींवर आलेले विजेचे पंप टँकर भरू लागले होते. रहाटाला जी मर्यादा होती ती पंपाला नव्हती. किनाऱ्यालगतच्या विहिरी खाऱ्या होऊ लागल्या.

या काळात फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसई संरक्षण समितीचे आंदोलन उभे राहिले. टँकरने होणारा उपसा आणि हरित पट्ट्यावरील आक्रमण यांविरुद्ध हजारो स्त्री-पुरुष रस्त्यावर उतरले. त्यात धर्माची भिंत नव्हती. फादर दिब्रिटो २५ जुलै २०२४ रोजी आपल्यातून गेले. पश्चिम पट्ट्यातील जी हिरवळ आज शिल्लक आहे, तिच्यावर त्या लढ्याचे ऋण आहे.

मधल्या पट्ट्याचे मात्र रक्षण झाले नाही. वसई-विरार उपप्रदेशाची विकास योजना अंतिमतः मंजूर झाली ती ९ फेब्रुवारी २००७ रोजी, म्हणजे प्राधिकरण नेमल्यानंतर १७ वर्षांनी. इमारती या योजनेसाठी थांबल्या नव्हत्या. २००९ मध्ये चार नगरपरिषदा आणि भोवतालची गावे मिळून महानगरपालिका झाली. गावांनी विरोध केला. २०११ मध्ये शासनाने २९ गावे वगळण्याचा निर्णय घेतला आणि तो प्रश्न न्यायालयात वर्षानुवर्षे पडून राहिला. त्याच वर्षीच्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १२ लाखांवर गेलेली आढळली. २०१६ मध्ये नव्या प्रादेशिक योजनेचा मसुदा आला तेव्हा वसईतून हजारो हरकती गेल्या. ती योजना २०२१ मध्ये मंजूर झाली.

नियोजन मागे आणि बांधकाम पुढे, असे झाले की त्याची किंमत गरिबाने मोजावी लागते. नालासोपाऱ्यात सांडपाणी व कचरा व्यवस्थेसाठी राखून ठेवलेल्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या ४१ अनधिकृत इमारती न्यायालयाच्या आदेशानंतर पाडण्यात आल्या; २०२५ च्या प्रारंभी ते काम पुरे झाले. जमीन बळकावणारा केव्हाच पैसे घेऊन गेला होता. रस्त्यावर आली ती आयुष्याची पुंजी घालून घर घेणारी कुटुंबे. शहराच्या तहानेचेही असेच आहे. सूर्या धरणाचे पाणी आपल्या नळाला येते. परंतु ते धरण मूळात पालघर-डहाणूच्या आदिवासी शेतकऱ्याच्या सिंचनासाठी योजले होते. आपण आपली बावखले बुजवली आणि दुसऱ्याच्या ओंजळीतले पाणी प्यायलो, असा त्याचा सरळ अर्थ होतो.

नाबोथ आणि आपण

जुन्या करारातील राजांच्या पहिल्या पुस्तकात, २१ व्या अध्यायात, नाबोथाची कथा आहे. अहाब राजाला नाबोथाचा द्राक्षमळा हवा होता. आपल्या वाड्यालगत भाजीचा मळा करण्यासाठी. आजच्या भाषेत सांगायचे तर राजाला जमिनीचा वापर बदलायचा होता. त्याने मोल देऊ केले, दुसरा चांगला मळाही देऊ केला. वाडवडिलांचे वतन देणार नाही, असे नाबोथाने सांगितले आणि त्यापायी त्याने प्राण गमावले.

हरित वसईच्या सभांतून ही कथा आपण अनेकदा ऐकली आणि प्रत्येक वेळी आपण स्वतःला नाबोथाच्या जागी पाहिले. ते पुष्कळ अंशी खरेही होते. धाकदपटशा झाला, खोटी कागदपत्रे झाली, माणसे भीतीने जगली. तरीही इतिहास लिहिणाऱ्याने अर्धे सत्य सांगून चालत नाही. नाबोथाने विकले नाही. आपल्यापैकी पुष्कळांनी विकले. काहींनी गरजेपोटी, मुलीच्या लग्नासाठी वा आजारपणासाठी. काहींनी भावाभावांतल्या वाटण्यांच्या भांडणापायी. आणि काहींनी केवळ भाव चांगला आला म्हणून. टँकर भरणारी विहीर कित्येकदा आपल्याच वाडीतली होती. बावखल बुजवून त्यावर उभारलेला बंगलाही आपलाच आहे. शेजारच्या खाजणावर भराव पडत असता, ते आपले नव्हे म्हणून, आपण गप्प राहिलो.

आणखी एक गोष्ट. जे नवे लोक आले त्यांना शत्रू मानण्याचे पाप आपल्या हातून घडू नये. १९८२ च्या संपानंतर गिरणगावातून उखडली गेलेली, मुंबईच्या भाड्यांनी हाकलली गेलेली माणसे निवारा शोधत येथे आली. त्यांतली कित्येक आज रविवारी आपल्याच बाकावर बसून मिस्सा ऐकतात. त्यांनी सखल जमीन निवडली नाही. त्यांना तीच विकण्यात आली. २०१८ च्या पुरात तळमजल्यावरचा त्यांचाच संसार भिजला.

लेवीय पुस्तकाच्या २५ व्या अध्यायात परमेश्वर इस्राएलाला बजावतो की भूमी कायमची विकायची नाही, कारण ती त्याची आहे आणि माणूस तिच्यावरचा पाहुणा आहे. २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी 'लाउदातो सी' या विश्वपत्रात पृथ्वीचा आक्रोश आणि गरिबाचा आक्रोश एकच असल्याची जाणीव साऱ्या ख्रिस्तसभेला करून दिली. वसईत या दोन्ही वचनांचा अर्थ समजण्यासाठी दूर जावे लागत नाही. ओढ्याच्या तोंडाशी उभे राहिले तरी पुरते.

पुढच्या पिढीसाठी

इतिहासाने केवळ हळहळ शिकवू नये. २०१८ च्या पुरानंतर नीरी आणि मुंबईची आयआयटी यांच्या समितीने पाहणी केली. पावसाचे पाणी तात्पुरते साठवून ठेवणारे तलाव करावेत, हा तिच्या उपायांतला एक होता. वाचकांच्या ध्यानात आलेच असेल की खाजणे आणि मिठागरे शतकानुशतके हेच काम विनामूल्य करीत होती. १९९१ पासून किनारा नियमन क्षेत्राचा नियम आहे. २०१९ च्या सुधारणेने दाट वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर बांधकामबंदीचे अंतर भरतीरेषेपासून २०० मीटरवरून ५० मीटरपर्यंत आणले. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तिवरांच्या तोडीला मनाई करणारा निर्णय दिला. कायदा कधी एक पाऊल पुढे येतो, कधी दोन मागे जातो. त्याच्याकडे डोळे लावून बसणाऱ्या गावाला शेवटी पाणीच जाब विचारते.

आपल्या हाती काय आहे? वसईतील तरुणांनी गेल्या काही वर्षांत बावखले मोजण्याचे आणि साफ करण्याचे काम आरंभले आहे. प्रत्येक धर्मग्रामाने ते पुढे न्यावे. आपल्या हद्दीत किती बावखले आहेत, जुनी उघाडी कोठे होती, ओढा कोणत्या वाटेने जात होता, कोणती मोरी बुजली आहे, हे सांगणारी ऐंशी वर्षांची माणसे अजून आपल्यात आहेत. त्यांना सोबत घेऊन गावाचा नकाशा काढावा आणि तो देवळाच्या दप्तरी बाप्तिस्म्याच्या नोंदवहीशेजारी ठेवावा. नियोजनाचा पुढचा मसुदा येईल तेव्हा हरकतीच्या अर्जाला हा नकाशा जोडता येईल. 'आमची जमीन घेऊ नका' एवढेच म्हणणाऱ्यापेक्षा 'येथून पाणी जाते' असे पुराव्यानिशी दाखवणाऱ्याचे म्हणणे टाळणे अवघड असते. ते केवळ आपल्या वाडीच्या हिताचे नसते. नालासोपाऱ्याच्या तळमजल्यावरच्या अनोळखी शेजाऱ्याच्याही हिताचे असते.

खाजणाचा बांध कधीच एका माणसाने राखला नाही. तो गाव राखत असे, कारण एकाच्या हद्दीतले भगदाड साऱ्यांचे शेत बुडवते. पोर्तुगीज गेले, पेशवाई गेली, इंग्रज गेले. त्यांच्या तहांचे कागद आज संग्रहालयात आहेत. भूमीशी आणि पाण्याशी झालेला आपला जुना करार मात्र रद्द झालेला नाही. दर पावसाळ्यात तो आपल्या दारात येऊन उभा राहतो.